रत्नव्वाची फुगडी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
२९ जून २०२५

आक्का, शरणार्थ.

तुझा गुरुप्रसाद बाजाराला आलाय. दुकानाचा माल भरून होईपर्यंत वेळ आहे म्हणाला, तेवढ्यात हे लिहून त्याच्या हातात देते. फोनवर बोलायचं तर मी ओरडायचं, तू 'आं?' म्हणायचं आणि सगळ्या गल्लीनं ऐकायचं. मोबाइलवर लिहावं तर तुमचा तो दुकानाच्या गल्ल्यावर पडलेला असतो, जो तो वाचतो. बहिणीबहिणींचं बोलणं कागदावरच बरं.

आधी बातमी सांगते, मग तू काय रागवायचं ते रागव. मी फुगडी शिकायला जाते आहे.

लहानपणी आपल्या अंगणात तू फुगडी घालायचीस आणि मला घेरी येते म्हणून मी पायरीवर बसून तुम्हा सगळ्यांच्या चपला राखायचे. साठी आली तरी मी तिथंच बसले होते म्हण. आमच्या मागच्या गल्लीत तेजस्वी म्हणून एक ब्लाउज शिवणारी आहे. तिनं बायकांचं झिम्मा-फुगडीचं मंडळ काढलंय. गौरी-गणपतीच्या दिवसांत स्पर्धा असतात, त्यासाठी तालमीमागच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सराव चालतो. शांभवी तिच्याकडे ब्लाउज टाकायला गेली तेव्हा तिनं ये म्हणून सांगितलं. पोरीनं ते जेवताना मला असं सांगितलं, जणू भाजीचा भाव सांगतेय.

माझा सोमेश आंबा घाटातल्या अपघातात गेला त्याला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून माझ्या ह्या सुनेनं पतसंस्थेतली नोकरी आणि घर सोडून तिसरी जागा बघितली नाही. मी म्हटलं, जा. ती म्हणाली, 'तुम्ही आलात तर जाते.' तिला वाटलं असणार, सासू नाही म्हणेल आणि विषय मिटेल. मी म्हटलं, चल.

पहिल्या दिवशी मला कोपऱ्यात उभं केलं. सगळ्या लेकीसुनांच्या वयाच्या, साड्या वर खोचून तयार. तेजस्वीनं शांभवीला माझी जोडीदारीण केलं. हात तिढा घालून धरायचे, पायाला पाय जुळवायचे आणि सरळ मागं झुकायचं. मी झुकलेच नाही. हात कोपरात वाकवून शांभवीला आपल्याकडे ओढत राहिले. तेजस्वी लांबून ओरडली, "काकू, तुमी तिला धरंना झालाय, वढालाय. सोडा की अंग. ती हाय न्हवं समोर." सगळ्या हसल्या. शांभवीही हसली. आक्का, तिचे दात मी किती दिवसांनी बघितले.

निपाणीहून तिच्या वडिलांचा फोन येतो. एखादं स्थळ बघू का, विचारतात. मी दर वेळी म्हणते, तिचं मन बघून सांगते. आणि तिला काही विचारत नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? यजमान गेले, सोमेश गेला. ही गेली तर मी कुणासाठी कुकर लावायचा? मला ती जायला नको आहे. हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

गुरू दारात गाडी उभी करून हॉर्न वाजवतोय.

रत्ना


मलकापूर
९ जुलै २०२५

रत्ना,

कागद पोचला. गुरूनं खिशात ठेवून घामानं भिजवून आणला, तरी वाचला.

तुला काय म्हणावं ते कळेना. गुडघे दुखतात म्हणून तू माझ्याकडे यायला एसटीची पायरी चढत नाहीस आणि फुगडी घालतेस. आपल्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत हे मला नको सांगू. सुतक धर्मात नसलं तरी गल्लीत असतं, आणि गल्लीचं फिटत नाही. पोरगा गेलेली आई आणि नवरा गेलेली बायको एकमेकींचे हात धरून गिरक्या घेतात म्हटल्यावर लोक तोंडावर काही बोलणार नाहीत, पण घरी जाऊन बोलतील.

तरी मी नको म्हणत नाही. पोरगी हसली असं तू लिहिलंस, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. पण रत्ना, तुला एक कळत नाही. हसायला लागलेली पोरगी दाराबाहेर बघायला लागते. मग तू तिला काय म्हणून थांबवणार?

म्हणून मनातलं लिहिते. आमचा गुरू पस्तिशीला आला. दुकानदाराला आता कुणी पोरगी देत नाही, सगळ्यांना पुण्यातला पगार पाहिजे. स्वभाव तुला माहीत आहे, सोमेश गेला तेव्हा तुझ्याकडे राहून त्यानं सगळं निस्तरलं. शांभवीला आपल्या घरातच करून घेऊ. नात्यानं मावसदीर, काही अडचण नाही. ती तुझी सून होती, माझी होईल. मलकापूर काय लांब आहे? ती तुझ्याकडे येत जाईल, तू इथं येत जा. परक्याच्या दारात गेली तर तुला वर्षातून एकदा फोन करील, तोही नवऱ्याला विचारून.

गुरू तयार आहे. तिला इतक्यात काही बोलू नको. आधी आपलं दोघींचं ठरू दे.

आक्का


शिवाजी पेठ
२२ जुलै २०२५

आक्का, शरणार्थ.

तुझं पत्र वाचून मी देवासमोर जाऊन बसले. एवढं सरळ माझ्या डोक्यात कसं आलं नाही? ती जाईल आणि जाणारही नाही. माझ्याकडून हो समज. निपाणीच्या व्याह्यांना योग्य वेळी मी सांगते. आपल्या घरात जातेय म्हटल्यावर ते कशाला अडवतील.

आणि पोरीचं मन आता तयार होतंय असं मला दिसतं. परवा आरशासमोर उभी राहून तिनं केसांत अबोली माळली. कामावरून येताना गुणगुणते. एक दिवस उशीर झाला, तर बरोबरच्या कुणी गाडीवरून सोडलं म्हणाली. पूर्वी मला न विचारता दळणसुद्धा टाकत नव्हती, आता मलाच 'आई, आवरा, सरावाला उशीर होतोय' म्हणून दटावते. आपल्या बोलण्याचा तिला वास लागलाय की काय कोण जाणे.

गल्लीचं म्हणशील तर तू म्हणालीस तसंच आहे. समोरच्या घरातली बाई दोन दिवस माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होती. तिसऱ्या दिवशी तीच हॉलच्या खिडकीत उभी. तेजस्वी तिला म्हणाली, "बघतायसा काय, आत या की." आली, आता माझ्यापेक्षा बरी फिरते.

मी अजून कच्चीच आहे. झिम्मा जमतो, टाळ्या चुकत नाहीत. फुगडीला भीती वाटते. चार वेढे झाले की शांभवीचे हात घट्ट आवळते. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठतात. ती कधी दुखलं म्हणत नाही. घरी येऊन बाही खाली ओढून घेते एवढंच.

तुझं पत्र आल्यापासून मात्र मी जरा धीट झाले. आता ही कुठं जात नाही, असं वाटलं की पाय आपोआप उचलतात.

रत्ना


मलकापूर
४ ऑगस्ट २०२५

रत्ना,

ह्या वेळी पोस्टानं पाठवते, कारण पाकिटात गुरूचीच गोष्ट आहे.

तुझा होकार आला आणि मी जुनी जोंधळ्याची खोली रिकामी करून चुना मारून घेतला. माझ्या शेजारची. खिडकीतून भातखाचरं दिसतात, पोरीला आवडेल. गौरी झाल्यावर साखरपुडा, दिवाळीनंतर लग्न. पोरीला आता सांगायला हरकत नाही, पण समजावून सांग. नाही म्हणायला तिला कारण तरी काय आहे?

मी एक पाटीही आणून ठेवली आहे. कशाला ते ती आली की सांगेन.

उत्तर लगेच पाठव. मला आता वाट बघवत नाही.

आक्का


शिवाजी पेठ
१७ ऑगस्ट २०२५

आक्का, शरणार्थ.

अक्षर बघून घाबरू नको. मी सांगते आहे आणि शांभवी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात सरावात मी पडले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलंय. कुणाची चूक नाही. मीच जोरात फिरायला गेले. तेजस्वी 'काकू, सावकाश' म्हणत होती, पण मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. हात सुटला आणि मी भिंतीशी जाऊन पडले. शांभवीला काही लागलं नाही. तिच्या पतसंस्थेतला मृत्युंजय म्हणून कुणी आहे, तो गाडी घेऊन आला आणि दवाखान्यात घेऊन गेला. पोरगा चांगला वाटला. औषध घेऊन आला आणि घरात न येताच गेला.

तुझं चार तारखेचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला तो ह्या हातामुळं. तू जे काम लिहिलं आहेस त्या कामाचं

मावशी, इथून पुढं मी माझं लिहिते आहे. शांभवी.

आई 'त्या कामाचं' म्हणाल्या आणि थांबल्या. मी पेन धरून बसले. त्यांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाल्या, असू दे, एवढंच पाठव. मी विचारलं, कोणतं काम? दुकानाचं, म्हणाल्या. आईंना खोटं बोलता येत नाही. बोलल्या की त्या पदर सारखा करतात, आणि एका हातानं तो सारखा होईना. मी पेनाला टोपण लावलं. मग त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "शांभवी, तुझं लग्न ठरवलंय आमी. आणि ते आता तुझ्याच हातानं लिवून घ्याय लागलोय." आणि तुमची पत्रं काढून माझ्यापुढं ठेवली.

मावशी, तुमचा मान ठेवून लिहिते, पण मला राग आला आणि अजून आहे. तुम्ही दोघींनी महिनाभर माझ्याबद्दल लिहिलंत. खोलीला चुना मारून झाला. ज्यांना मी भाऊजी म्हणते, सोमेश गेले तेव्हा ज्यांनी घरात पाणी भरण्यापासून सगळं केलं, त्यांच्याशी लग्न. ते चांगले आहेत म्हणून तर हे मला जास्त लागलं. उद्या मी त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं बघायचं? तुम्ही दोघींनी माझा एक भाऊ घालवलात.

आता लपवलेलं माझंही सांगते. मृत्युंजयनी मला उन्हाळ्यातच लग्नाचं विचारलं होतं. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नाही म्हणायचं असंच ठरवत आले आहे. त्यांचं घर गडहिंग्लजला, बदलीही तिकडे होणार आहे. आईंना इथं एकटं टाकून कसं जाऊ? मी त्यांच्याजवळ राहायचं ठरवलं होतं, आणि ते मी ठरवलं होतं. पण मला धरून ठेवण्याची तजवीज आधीच झाली आहे हे कळल्यावर त्या राहण्याची चवच गेली.

हे सगळं मी आईंना वाचून दाखवलं. वाटलं, फाड म्हणतील. त्यांनी डाव्या हातानं पाकिटाला डिंक लावला आणि माझ्यापुढं ठेवलं.

शांभवी


मलकापूर
२६ ऑगस्ट २०२५

चि. शांभवी,

हे पत्र तुझ्या नावानं आहे, पण रत्नालाही वाचून दाखव.

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी तुझ्या सासूपेक्षा मोठी, त्यामुळं ह्यात माझा दोष मोठा. गुरू तयार आहे असं मी लिहिलं, ते अर्धंच होतं. मी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनींना विचारलंयस का? त्या व्हय म्हणाल्या तर बघू." मी म्हटलं, "तिला काय विचारायचंय?" तो उठून दुकानात गेला. त्याचं तेवढं बोलणं मी रत्नाला कळवलं नाही.

गुरूच्या लग्नाचं म्हणून मी हे लिहीत गेले. पण तुझं पत्र वाचल्यापासून स्वतःशी खोटं बोलवेना. सून गुरूसाठी नको होती, पोरी. तू मला पाहिजे होतीस.

माझे कान आता पुरते गेले. यंत्र घातलं की नुसती खरखर येते. आधी घरातले माझ्याशी मोठ्यानं बोलायचे, मग कमी बोलायला लागले, आता हातानं खुणा करतात. ऊठ, जेव, बाजूला सर. मोठ्या मुलाची बायको वाईट नाही, पण तिला तिची कामं आहेत. तू लग्नानंतर पहिल्यांदा सोमेशबरोबर इथं आलीस तेव्हा जेवताना सगळे कशावर तरी हसले. मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. तू उठलीस, वर्तमानपत्राच्या कडेला तो विनोद लिहिलास आणि माझ्या ताटाजवळ सरकवलास. सगळ्यांचं हसून झाल्यावर मी एकटी हसले. त्यानंतर माझ्याशी तसं कुणी वागलं नाही. ती पाटी त्यासाठी आणली होती, तू लिहून दाखवावंस म्हणून.

एवढ्यासाठी मी तुझा सगळा जन्म मागत होते. मला माफ कर असं म्हणत नाही, तू लहान आहेस. पण मला वाईट वाटतं आहे हे तुला कळावं.

रत्ना, आता तुला. आपल्या लग्नात आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून विचारायची सवय आपल्याला लागली नाही. तू तरी आता लाव.

गुरूला मी सगळं सांगितलं. वहिनीला फोन करू का, विचारत होता. मी म्हटलं, तिचा राग जाऊ दे, मग कर.

आक्का


शिवाजी पेठ
२८ सप्टेंबर २०२५

आक्का, शरणार्थ.

प्लास्टर निघालं. बोटं अजून वळत नाहीत, म्हणून अक्षर असं वाकडंतिकडं. पण हे पत्र दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र शांभवीनं वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबली. वाचून झाल्यावर म्हणाली, मावशींवरचा राग गेला. माझ्यावरचा गेला का ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. मला तर तिचाच राग आला होता, खरं सांगते. त्या मृत्युंजयचा जास्त. ह्यानं माझ्या हाडाला आधार दिला आणि घरातलं माणूस न्यायला बघतो, असं मनात यायचं. रोज सकाळी ती माझी वेणी घालायची, कारण मला एका हातानं येत नव्हती. ती पाठीमागं, मी पुढं, दोघींची तोंडं बंद. अशी गौर आली आणि गेली.

स्पर्धेला मी खुर्चीत बसून होते. माझ्या जागी तेजस्वी उभी राहिली. आमच्या मंडळाचा झिम्मा झाला, मग फुगड्या. शांभवीनं तेजस्वीचे हात धरले आणि ती मागं झुकली. आक्का, पूर्ण झुकली. हात ताठ, मान मागं, वेणी आडवी उडत होती. मी बघतच राहिले. माझ्याबरोबर ती कधी एवढी मागं गेलीच नव्हती. मी भिऊन कोपरं वाकवायचे, तिला ओढायचे, आणि मी पडू नये म्हणून ती सगळा वेळ पुढं वाकून माझ्या अंगावर आलेली असायची. उन्हाळा संपल्यापासून मी सगळ्यांना सांगत होते की मी पोरीला घराबाहेर काढली, हसवली. ती बिचारी सरावातसुद्धा मलाच सांभाळत होती.

सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला रडू आलं. शेजारचीला वाटलं हात दुखतोय.

नंबर आला नाही. तेजस्वी अजून परीक्षकांच्या नावानं बोटं मोडते.

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी समोर बघूनच म्हटलं, "त्या मृत्युंजयला रविवारी जेवाय बोलीव." तिचा हात थांबला. म्हणाली, "आई, मी नाही म्हणून सांगणार आहे त्यांना." मी विचारलं, "तुला नको हाय म्हणून, का मी हाय म्हणून?" तिनं घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घालायला घेतली. मग म्हणाली, "तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं मी बघीन. तू तुझं सांग."

माझं मी काय बघणार, ते मला अजूनही माहीत नाही. पण म्हणून टाकलं, आणि एकदा म्हटल्यावर मागं घेता येत नाही हे बरं झालं. पोरगी माझ्या पाठीला डोकं टेकवून रडली. दोन वर्षांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी तिला रडायलाही जागा ठेवली नव्हती.

तो जेवायला आला. पानावर बसताना सोमेशच्या जागेवर बसायला गेला, त्याला काय माहीत. शांभवीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बसा. मी डाव्या हातानं त्याला भाकरी वाढली. जाताना तो म्हणाला, तुम्हीही गडहिंग्लजला चला आमच्याबरोबर राहायला. मनापासून म्हणाला. मी नको म्हटलं. नव्या संसारात जुन्या नवऱ्याची आई बसून राहिली तर ती दोघं मोकळेपणानं भांडणार कधी?

निपाणीला मीच फोन केला. व्याह्यांनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, रत्नव्वा, हे तुम्ही सांगताय म्हणून माझा विश्वास बसला.

रत्ना


शिवाजी पेठ
१४ डिसेंबर २०२५

आक्का, शरणार्थ.

लग्न झालं. निपाणीला तिच्या वडिलांनी छोटं कार्यालय घेतलं होतं. गुरू आला, दिवसभर वाढपात राबला, आणि निघताना शांभवीनं त्याच्या पाया पडून 'भाऊजी, दिवाळीला ओवाळायला बोलावीन' म्हटलं तेव्हा तो खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत बाजूला गेला. तू आली नाहीस. का, ते मी विचारत नाही. गर्दीत सगळ्यांची तोंडं हलताना बघत बसायचं तुला नको वाटलं असणार.

आठ दिवस झाले. घर फार मोठं झालंय, आक्का. सकाळी मी सवयीनं पायरीजवळ तिचा डबा ठेवायला जाते आणि हातात काही नसतं. ती रोज संध्याकाळी फोन करते. तिच्या आवाजात कसलंही ओझं नाही, हे ऐकून मला बरं वाटतं आणि फोन ठेवल्यावर मी रडते. दोन्ही खरं आहे.

मी मंडळात जाते. हाताला अजून जपते, झिम्म्यातच असते. पहिल्या दिवशी एकटी गेले तेव्हा सगळ्या माझ्या मागं दाराकडे बघायला लागल्या. तेजस्वी म्हणाली, "काकू, आता कुणासाठी आलाय?" मी म्हटलं, "माझ्यासाठी."

आता कामाचं. तू मलकापुरात खुणांवर दिवस काढतेस, मी इथं भिंतींशी बोलते. ती पाटी घेऊन इकडे ये. चार दिवसांसाठी नाही, राहायला ये. मी लिहीन तुझ्यासाठी. शांभवीसारखं अक्षर नाही माझं, पण गल्लीत कोण काय बोललं ते एक शब्द न गाळता लिहीन. मंडळातही नेईन. झिम्म्यात गाणं ऐकू आलं नाही तर चालतं, टाळी डोळ्यांनी दिसते. हे मी तुझ्या मोठ्याशी आणि गुरूशी बोललेले नाही. तुलाच विचारते आहे. नको असेल तर नको म्हण, मी रागावणार नाही.

एक सांगायचं राहिलं. लग्नात जेवायला बसले तेव्हा शेजारी कुणी म्हातारे पाहुणे होते, लांबच्या खेड्यातले. पानावर अजून गव्हाची गोड हुग्गी वाढायची होती. त्यांनी मला विचारलं, "पावणं, तुमी कुणाकडच्या?"

मी म्हटलं, "पोरीकडची."

"पोरीच्या कोण म्हणायच्या?"

आई म्हणावं तर तिची आई पंगतीत फिरत होती. मी म्हटलं, "सासू."

त्यांनी मान वळवून मांडवाकडे बघितलं. "सासू तर ती तितं शालू नेसून हुबी हाय की."

"ती आजची," मी म्हटलं. "मी आदुगरची."

त्यांनी हातातला घास पानात ठेवला. मग हात उंच करून वाढप्याला हाक मारली आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए बाबा, हिकडं ह्यास्नी आदी वाढ. पोरीकडच्या हायत."

तुझी
रत्ना